बालकांतील आंत्रपुच्छशोथ व प्रतिमादर्शन

मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या भागास, म्हणजे उंडुकास, जोडलेल्या बारीक नळीच्या दाहयुक्त सुजेस आंत्रपुच्छशोथ म्हणतात. लहान मुलास पोट कोठे व कसे दुखते हे नीट सांगता येत नाही; त्यामुळे निदान लांबून आंत्रपुच्छ फुटण्याचा व पर्युदरशोथ होण्याचा धोका बालवयात अधिक असतो. उलटपक्षी, घाईने शस्त्रक्रिया केल्यास निरोगी आंत्रपुच्छही काढले जाते. या दोन चुका टाळण्याच्या प्रयत्नांतून प्रतिमादर्शन पद्धतींचा वापर वाढत गेला.

क्लॉडियस अ‍ॅम्यंड यांनी १७३५ मध्ये लंडन येथे ११ वर्षांच्या मुलाचे टाचणीमुळे छिद्र पडलेले आंत्रपुच्छ काढले. रेजिनाल्ड फिट्स यांनी १८८६ मध्ये या रोगाचे स्वरूप स्पष्ट केले, तर चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये पोटावरील वेदनाबिंदू दाखविला. पुढे दीर्घकाळ निदान मुख्यतः हाताने केलेल्या तपासणीवरच अवलंबून राहिले. कारण साध्या क्ष-किरण चित्रात आंत्रपुच्छ सहसा दिसत नाही.

नेदर्लंड्समधील यूलिएन पाइलार्ट यांनी १९८६ मध्ये श्राव्यातीत ध्वनीची (सोनोग्राफीची) उपयुक्त रीत मांडली. शोधकाने पोट हळूहळू दाबले असता वायूने भरलेली आतडी बाजूस सरतात. सुजलेले आंत्रपुच्छ मात्र दबत नाही व त्याचा व्यास सामान्यतः ६ मिमी.पेक्षा अधिक आढळतो. ही तपासणी निर्धोक असली, तरी तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. आंत्रपुच्छ दिसले नाही, एवढ्यावरून ते निरोगी ठरत नाही.

संगणकीय छेदचित्रण (सीटी स्कॅन) अधिक अचूक ठरल्याने १९९० नंतर अमेरिकेत त्याचा वापर फार वाढला. तथापि मुलांच्या वाढत्या ऊतकांवर किरणांचा परिणाम अधिक होतो. डेव्हिड ब्रेनर व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये त्यापासून संभवणाऱ्या कर्करोगाचा अंदाज मांडला. किरणमात्रा कमी ठेवण्यासाठी २००८ मध्ये ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली. ब्रिटनमधील सुमारे १,८०,००० रुग्णांच्या पाहणीत (२०१२) रक्तार्बुद व मेंदूतील अर्बुदे यांच्याशी संबंध दिसून आला. मात्र एकेका मुलाच्या दृष्टीने हा धोका अल्पच असतो.

त्यामुळे हल्ली प्रथम लक्षणे, शारीरिक तपासणी व रक्तपरीक्षा यांवरून संभाव्यता ठरवितात. ती कमी असल्यास केवळ निरीक्षण पुरते. संदिग्ध असल्यास प्रथम श्राव्यातीत तपासणी करतात. तीही अनिर्णायक ठरल्यास पुन्हा तपासणी किंवा चुंबकीय अनुस्पंदन चित्रण (एमआरआय) योजतात. या चित्रणात आयनीकारक किरण नसतात. परंतु ते खर्चिक असून मुलास स्थिर पडून राहावे लागते. ते उपलब्ध नसेल, तर अल्पमात्रेचे संगणकीय छेदचित्रण करतात. भावी धोक्याच्या भीतीने आजचे निदान लांबविणेही तितकेच घातक ठरते.