मूरचा वर्ग

इंजिनिअरिंगला आम्हाला एम-थ्री शिकवायला जे सर होते ते फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि तास संपला की आमच्याकडे वळायचे. आम्ही उतरवून घ्यायचो. लाप्लास ट्रान्सफॉर्मची गणितं मला अजूनही सुटतील बहुतेक, पण ही भानगड मुळात कोणाला आणि कशासाठी सुचली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. सरांना तरी काय बोलणार? त्यांनाही कोणीतरी असंच शिकवलं असणार.

शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं. कॉलेजात मात्र विषय येतो म्हणजे तो शिकवताही येतो, असं आपण धरून चालतो. मग कॉलेजात गणित शिकवणाऱ्यांना शिकवायला शिकवतं कोण? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. अमेरिकेत मात्र या प्रश्नातून एक अख्खी परंपरा उभी राहिली, आणि तिचा मूळपुरुष भलताच अडचणीचा माणूस निघाला.

रॉबर्ट ली मूर. जन्म १८८२, डॅलसचा. १९०५ साली शिकागोहून पीएचडी. १९११ पासून पेनसिल्व्हेनियात, आणि १९२० ते १९६९ ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात. म्हणजे रिटायर झाला तेव्हा वय ८६!

त्याच्या वर्गात पुस्तक नसायचं. म्हणजे पुस्तकावर बंदीच असायची. तो काही व्याख्या, काही गृहीतकं आणि प्रमेयांची यादी द्यायचा. सिद्धता ज्याची त्याने शोधायची, एकमेकांशी चर्चा न करता. पुढच्या तासाला कोणीतरी फळ्यावर येणार आणि बाकीचे चूक शोधणार. मूर सगळ्यात आधी उठवायचा तो वर्गातल्या कच्च्या विद्यार्थ्याला. कारण सरळ होतं, हुशार मुलाने आधीच सांगून टाकलं तर बाकीच्यांच्या हातचं प्रमेय जातं. एखादा अजून स्वतः झटत असेल आणि त्याला दुसऱ्याची सिद्धता पाहायची नसेल, तर त्याने खुशाल वर्गाबाहेर जावं. आणि जो विषय आधीच वाचून आलाय त्याला हा वर्गात घ्यायलाच नाखूश. स्टॅकओव्हरफ्लो बंद, आणि कोड रिव्ह्यू सगळ्यात ज्युनिअर पोरापासून सुरू, अशी टीम डोळ्यासमोर आणा :)

यातून ५० जणांनी त्याच्याकडे पीएचडी केली. वाइल्डर, व्हायबर्न आणि बिंग हे तिघे पुढे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. मेरी एलन रुडिन १९४१ साली ऑस्टिनला नाव नोंदवायला गेली, तिथे टेबलामागे मूरच बसला होता. १९४९ साली ती त्याच्याकडेच पीएचडी होऊन बाहेर पडली, आणि १९७१ साली तिने टोपॉलॉजीतला डाउकरचा वीस वर्षं पडून असलेला प्रश्न सोडवला. पण तिनेच नंतर मुलाखतीत सांगितलंय की मूरने आत्मविश्वास प्रचंड दिला, मात्र बाकीचं गणित वाचूच दिलं नाही याबद्दल फसवल्यासारखं वाटलं. मला हे वाचून त्या पद्धतीबद्दल उलट जास्त विश्वास वाटला. नुसती कौतुकं असती तर शंका आली असती.

आता अडचणीचा भाग. मूर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घ्यायचा नाही. १९५० साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने विद्यापीठाचं दार उघडलं, याच्या वर्गाचं नाही. व्हिव्हियन मेलोन-मेज ऑस्टिनला गणितात पीएचडी करत होती, तिला त्याने प्रवेश नाकारला. इतर विद्यार्थी आणि मार्गदर्शक ज्या कॅफेत बसून गणितावर गप्पा मारायचे, तिथेही गोऱ्यांनाच प्रवेश. ती बाहेरच. १९६६ साली तिने पीएचडी पूर्ण केली ती मूरशिवाय.

इथे मला आपली संगीतातली घराणी आठवतात. मूरच्या पोरांना शिकवायचं वेगळं प्रशिक्षण लागलं नाही, वर्षानुवर्षं त्या वर्गात बसून ते अंगात भिनलं. त्यांनी आपापल्या विद्यापीठात तसेच वर्ग भरवले, त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे. पण घराण्याची गोम तीच असते, गुरूने ज्याला दारातूनच परत पाठवलं त्याच्यापर्यंत विद्या पोचत नाही.

त्यामुळे पुढे जे झालं ते मला मूरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी असा वर्ग जन्मात पाहिलेला नाही, अशा प्राध्यापकांसाठी कार्यशाळा सुरू झाल्या. ‘अ‍ॅकॅडमी ऑफ इन्क्वायरी बेस्ड लर्निंग’ची कार्यशाळा उन्हाळ्यात चार दिवस चालायची. त्यात खऱ्या वर्गांचे व्हिडिओ पाहायचे, आपल्या कोर्ससाठी प्रश्नांची मालिका स्वतः बांधायची, आणि नंतर वर्षभर ईमेलवर अनुभवी मंडळींचा आधार. सगळ्यांची पहिली शंका काय, तर पोर्शन कसा पूर्ण होणार? (जगात कुठेही जा, मास्तर तो मास्तरच.) मूरच्या रीतीतला एकलकोंडेपणाही इथे गेला. मुलं गटात बसून खुशाल चर्चा करतात.

आपल्याकडे एस. कुमारेसन यांनी १९९३ साली एमटीटीएस सुरू केलं. ते बरीच वर्षं मुंबई विद्यापीठात होते. उन्हाळ्यात चार आठवडे, शिक्षक विचारतोय आणि मुलं उदाहरणं शोधतायत. पुढे त्यांच्या ट्रस्टने कॉलेज शिक्षकांसाठीही शिबिरं घेतली. मला हे कळलं तेव्हा नोकरी लागून कितीतरी वर्षं झाली होती. असो.

तर, दार उघडल्याने सगळं सुटलं का? २०१४ साली सँड्रा लॉर्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. नेहमीच्या व्याख्यानाच्या वर्गात मुलींना मुलांपेक्षा कमी फायदा आणि कमी आत्मविश्वास जाणवत होता, शोधून शिकायच्या वर्गात ही तफावत दिसली नाही. सगळे खूश. मग २०२० साली अमूर्त बीजगणिताच्या अशाच वर्गांचा दुसरा अभ्यास आला. त्यांचे प्राध्यापक कार्यशाळा केलेले, मागाहून मदत मिळालेले. तिथे परीक्षेत मुलं मुलींच्या पुढे निघाली, तुलनेच्या वर्गांत मात्र असा फरक नव्हता. खुल्या चर्चेत कोण बोलतं आणि कोणाचं ऐकलं जातं, हा प्रश्न त्यानंतर बाजूला ठेवता येईना.

त्याच वर्षी, २०२० मध्ये, ऑस्टिनच्या गणित विभागाच्या इमारतीवरून मूरचं नाव उतरवलं गेलं. आणि मेलोन-मेज? १९६१ साली बेलर विद्यापीठाने वर्णामुळे तिला विद्यार्थिनी म्हणून नाकारलं होतं. १९६६ साली ती तिथेच गणित शिकवायला रुजू झाली.