विलमेट खोऱ्यातलं नवं लेकरू

डिसेंबर १९५६. ऑरेगॉनच्या विलमेट खोऱ्यात, शेतावरच्या एका लाकडी घरात तुम्ही उभे आहात. बाहेर पावसाची झड लागलीय. कालच या घरच्या नवराबायकोनं पोर्टलंडच्या विमानतळावरून चार वर्षांची एक कोरियन मुलगी आणली. दत्तकविधान कोरियातच, प्रतिनिधीमार्फत उरकलेलं. लेकीचं तोंड त्यांनी पाहिलं ते थेट विमानतळावर.

जवळच्या क्रेस्वेल गावात हॅरी आणि बर्था होल्ट राहतात. १९५३च्या निर्वासित कायद्याप्रमाणे एका कुटुंबाला परदेशातली दोनच अनाथ मुलं आणता येत. होल्टना आठ आणायची होती, म्हणून १९५५ साली अमेरिकी संसदेनं खास त्यांच्यासाठी कायदा केला. ते वर्तमानपत्रांत झळकल्यावर त्यांच्याकडे देशभरातून पत्रं आली. एक या घरातूनही गेलं होतं.

मुलगी रडत नाही. "किती गुणी पोर!" शेजारीण म्हणते. तुमच्या मात्र पोटात कालवतं. रडून कोणी येत नाही हे ज्याला कळून चुकलंय, ते लेकरू असंच गप्प बसतं. टेबलावर बटाटे, लोणी, दूध मांडलंय. ती पावाचा तुकडा उचलते आणि हळूच फ्रॉकच्या आत सारते. आई तो काढून घ्यायला हात पुढे करते. "राहू द्या हो," तुम्ही म्हणता, पण तुमचा आवाज इथं कोणाला ऐकू जात नाही. क्षणभर थांबून आई आपणहून हात मागे घेते आणि दुसरा तुकडा तिच्यापुढे ठेवते.

रात्री तिला वेगळ्या खोलीत, उंच पलंगावर, गुलाबी रजईत निजवतात आणि दार लोटून घेतात. सकाळी ती पलंगाखाली सापडते. पडली असेल, असं बापाला वाटतं. तुम्हाला कारण लगेच उमगतं. चाळीत, वाड्यात ओळीनं घातलेली अंथरुणं तुम्ही पाहिलीत; आजी एका कुशीला, भावंडं दुसऱ्या. कोरियातही निजणं जमिनीवरच. चुलीची धग जमिनीखालच्या पोकळ्यांतून फिरते, जमीन ऊबदार होते आणि सगळं घर तिच्यावर पाठ टेकतं. एकटीनं, अंधारात, अधांतरी निजायचं म्हणजे त्या पोरीला शिक्षाच. तिसऱ्या रात्री बाप मुकाट्यानं गादी खाली ओढतो आणि आई तिच्याशेजारी आडवी होते. मुलगी भिंतीकडे तोंड करते. पहाटे बघा: तोंड अजून भिंतीकडेच, पण एक टाच मागे सरकून आईच्या पोटरीला टेकलीय. मूल रुळणं म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी आधी घराला खाली उतरावं लागतं.

भाताचंही तसंच. पहिल्यांदा आई तो दूध-साखर घालून शिजवते. पोरगी तोंड फिरवते. दुसऱ्या दिवशी नुसता पांढरा भात. चमच्यानं वाटी खरवडत ती शेवटचं शीत टिपते.

दाराशी तिचे रबरी जोडे आहेत, बाहेर तोंड करून नीट जोडीनं ठेवलेले. ते शेगडीत जाऊ नयेत असं तुम्हाला कळकळीनं वाटतं. काही महिन्यांत तिची भाषा पुसली जाईल, कारण या खोऱ्यात तिच्याशी ती बोलणारं कोणी नाही. कागदावर 'अनाथ' लिहिलंय, पण त्या काळात असं लिहिलेल्या कितीतरी मुलांच्या आया जिवंत होत्या. कधीतरी मायेचा माग काढायचा झाला, तर तिच्यापाशी हे जोडे एवढीच खूण उरेल.

कपाटाच्या खणात दत्तकाचे कागद आहेत. बाप म्हणतो, "झालं, आता ही आपली." घरापुरतं ते खरंच आहे. पण नागरिकत्वासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि असे अर्ज कित्येक घरांत राहूनच गेले. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २००० साली होईल आणि २७ फेब्रुवारी २००१ला लागू होईल, पण त्या दिवशी अठराच्या आत असलेल्यांनाच. ही पोर तेव्हा पन्नाशीला टेकलेली असेल. अशीच राहून गेलेली काही माणसं, मुलाबाळांची झाल्यावर, ज्या देशाची भाषा येत नाही तिथं परत पाठवली गेली. खण उघडून त्या बापाच्या हातात अर्ज देता आला, तर आज रात्रीच द्या.