साथीच्या काळातील लोकभावनेची नोंद : १८९६-९८ ची मुंबई आणि २०२०

२०२० च्या कोरोना साथीत समाजमाध्यमांवरील मजकुरातून लोकांची भीती, संताप व विश्वास संगणकाद्वारे मोजण्याचे अनेक प्रयत्न झाले. साधन नवे असले तरी पद्धत जुनी आहे. प्रस्तुत निबंधात तिच्या मर्यादांचा विचार केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकार मराठी, गुजराती, उर्दू आदी वृत्तपत्रांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार करवून घेई. तो गोपनीय असे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, विलगीकरण यांविषयीचे लोकमत सरकार याच गोषवाऱ्यांतून वाचू लागले. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेल्यावर वृत्तपत्रांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. 'केसरी'तील मजकुरावरून टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली.

परंतु वृत्तपत्रात लिहिणारा वर्ग कोणता होता? ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात प्लेगच्या तपासणी पथकाने एका मुलीस नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा जुलाहा विणकरांनी प्रतिकार केला व दंगल उसळली. परक्या पुरुषांकडून होणारी तपासणी, पडद्याचा भंग, आप्तांपासून ताटातूट, मय्यतीचे दफन रीतीप्रमाणे होईल की नाही ही धास्ती, हे सारे त्या घरांत आधीपासून होते. त्यांच्या हाती वृत्तपत्र नव्हते. त्यामुळे दफ्तरात दंगल ठळकपणे नोंदली गेली. तिच्यामागचे भय मात्र फारसे नोंदले गेले नाही.

२०२० मध्येही असेच घडले. मार्चअखेर दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजचे प्रकरण पुढे येताच ट्विटरवर साथीचा दोष एका समाजावर ठेवणारा मजकूर पसरला. मोजणाऱ्याला त्यात संताप दिसेल. ज्यांच्यावर तो रोखला होता, त्या फेरीवाल्याचे किंवा रुग्णाचे मौन कोणत्या रकान्यात येणार? २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने विदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचे बकरे केले गेल्याचे मत नोंदविले. तोवर तो मजकूर लोकभावना म्हणून मोजला गेला होता.

सारांश, अशा मोजणीतून कोण किती बोलले हे कळते; कोण गप्प राहिले व का, हे कळत नाही. म्हणून सरकारी गोषवाऱ्यांसोबत जमातींची दफ्तरे, कब्रस्तानांच्या नोंदवह्या आणि घराघरांतील उर्दू पत्रे वाचली पाहिजेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे काम आपल्याच गावात करता येईल.