तिजोरी एवढी जड का असते?

माझं पीएचडीचं काम क्षारांवर आहे. काही क्षारांच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं. अशा क्षारांत दिवसा उन्हाची उष्णता साठवून रात्री ती परत मिळवता येईल का, हे मी तपासते. एवढं सांगितलं की घरचे मान डोलावतात आणि विषय बदलतात. म्हणून आज प्रयोगशाळेऐवजी एका घरगुती वस्तूपासून सुरुवात करते. ती वस्तू म्हणजे लोखंडी तिजोरी. माझ्या विषयातलं मूळ तत्त्व तिच्या भिंतीत जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपासून वापरात आहे.

जुनं घर सोडताना पलंग सुटे होतात, कपाटांचे खण काढता येतात, पिंपं रिकामी करता येतात. तिजोरी मात्र रिकामी केली तरी जवळपास तेवढीच जड राहते. "चोरांनी उचलून नेऊ नये म्हणून जड", हे आपलं नेहमीचं उत्तर. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. घरगुती तिजोरीच्या वजनाचा मोठा वाटा चोरासाठी नसून आगीसाठी असतो. आणि आगीची एवढी धास्ती का, तर कागदामुळे. हा सगळा प्रवास क्रमाने पाहू.

पुरलेलं धन हलत नाही

लोखंडी तिजोरी येण्याआधी मौल्यवान वस्तू ठेवायची खात्रीची जागा म्हणजे घर स्वतः. भिंतीतला कोनाडा, तळघर, चुलीजवळची किंवा देवघराखालची जमीन. हंड्यात नाणी भरायची आणि पुरायची. ही पद्धत इतकी सर्रास होती की सापडलेल्या गुप्तधनाचं काय करायचं यासाठी ब्रिटिश सरकारने १८७८ साली वेगळा कायदाच केला. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं त्या कायद्याने बंधनकारक झालं.

पुरलेल्या धनाला आगीची भीती जवळजवळ नव्हती. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात आणि चांदीला ९६२. घर जळून राख झालं तरी दोन हात खाली पुरलेल्या हंड्याला त्याची झळ लागत नाही. माती ही उष्णतेची वाईट वाहक आहे. शिवाय ओली असेल तर आणखी चांगली ढाल. हे 'ओली' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कागद आला

एकोणिसाव्या शतकात संपत्तीचं रूप बदललं. कर्जरोखा, गहाणखत, खरेदीखत, कोर्टाचा हुकूमनामा. सावकाराची खरी ताकद त्याच्या सोन्यात कमी आणि दप्तरात जास्त होती. हे कोणाला कळलं असेल तर ते शेतकऱ्यांना. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी जो उठाव झाला आणि आसपासच्या तालुक्यांत पसरला, त्याला आपण 'दख्खनचे दंगे' म्हणतो. त्यात लोकांनी मुख्यतः मागितले ते कर्जाचे कागद, आणि ते मिळाले की जाळले. कागद जळला की कर्जाचा पुरावाच गेला. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

कागदाची अडचण अशी की तो पुरता येत नाही (ओल, वाळवी) आणि उघड्यावर ठेवता येत नाही (आग, उंदीर, माणसं). आणि तो फार लवकर हार मानतो. साधारण दोनशे अंशांच्या आसपास तो करपायला लागतो. आज कागद वाचवणाऱ्या तिजोऱ्यांची चाचणी घेताना अमेरिकी मानकात आतलं तापमान १७७ अंशांच्या वर जाता कामा नये अशी अट असते, ती यामुळेच. सोन्याची मर्यादा हजारावर आणि कागदाची दोनशेच्या आत!

साधी लोखंडी पेटी का पुरली नाही

एकोणिसाव्या शतकातली शहरं लाकडाची होती. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या फोर्टचा मोठा भाग जळाला. डिसेंबर १८३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लागलेल्या आगीत सुमारे सातशे इमारती गेल्या. अशा आगीत नुसती लोखंडी पेटी म्हणजे तापलेला तवा. लोखंड उष्णता भराभर आत पोचवतं. पेटी शाबूत राहते, आतला कागद कोळसा होतो.

मग एकात एक अशा दोन पेट्या करायच्या आणि मधल्या पोकळीत उष्णता अडवणारं काहीतरी भरायचं, ही कल्पना आली. अभ्रक, चिकणमाती, राख असं बरंच काही भरून पाहिलं गेलं. खरी उडी १८४० मध्ये पडली. लिव्हरपूलच्या थॉमस मिल्नर यांनी पेटंट घेतलं, त्यात उष्णता अडवण्याचं काम पाण्यावर सोपवलं होतं. आग लागली की भिंतीतलं पाणी बाहेर पडेल, त्याची वाफ होईल आणि वाफ होताना ते उष्णता खाऊन टाकेल. पुढच्या काही वर्षांतच इंग्लंडमधल्या तिजोऱ्यांच्या भिंतीत भुसा आणि एक ओळखीचा पदार्थ एकत्र करून भरला जाऊ लागला. तो पदार्थ म्हणजे तुरटी.

हो, तीच. न्हाव्याकडची, गढूळ पाण्यात फिरवायची. हातात घेतली तर कोरडी ठणठणीत लागते, पण १०० ग्रॅम तुरटीत सुमारे ४५ ग्रॅम पाणी असतं. शाळेत याला स्फटिकजल म्हणायचो. आजीने तव्यावर तुरटीची लाही केलेली पाहिली असेल, तर हा प्रयोग तुम्ही पाहिलेला आहे. आधी तुरटी विरघळल्यासारखी होते (साधारण ९२ अंशांना ती स्वतःच्याच पाण्यात वितळते), मग खदखदते, फुगते आणि शेवटी पांढरी, हलकी लाही उरते. जोवर पाणी उडतंय तोवर तापमान शंभरच्या आसपास रेंगाळतं. म्हणजे बाहेर आठशे अंशांची आग असली तरी भिंतीतलं पाणी संपेपर्यंत आतला कागद सुरक्षित. ओल्या मातीतल्या हंड्याचंच तत्त्व, फक्त चालत्या-फिरत्या पेटीत बसवलेलं. चालत्या-फिरत्या हा शब्द जरा सैल अर्थाने घ्यावा.

आता हिशेब

समजा तिजोरी १२० सेंटिमीटर उंच, ६० रुंद आणि ६० खोल आहे. भिंत ८ सेंटिमीटर जाडीची. बाहेरचा पत्रा ४ मिलिमीटर, आतला २ मिलिमीटर. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो. दोन्ही पत्रे मिळून भरतात जेमतेम १५० किलो. मधल्या पोकळीचं घनफळ येतं सुमारे ०.२३ घनमीटर. भरावाची घनता पाण्याएवढी धरली तरी तो झाला २३० किलो. दाराची जाडी, बिजागऱ्या, अडसर, कुलूप धरून एकूण वजन ४०० किलोच्या पुढे. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन भरावाचं.

भरावात निम्मी तुरटी धरू. ११५ किलो तुरटी, म्हणजे सुमारे ५२ लिटर पाणी! खोलीच्या तापमानाला असलेलं एवढं पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायला जी उष्णता लागते, ती घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमधल्या उष्णतेच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी होते. तेवढी उष्णता आत शिरायच्या आधीच खर्च होते. तिजोरी हलवताना चौघांच्या कमरेवर येणाऱ्या ओझ्यात दोन-अडीच घागरी पाणी असतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

माझ्या प्रयोगात हेच क्षार सोडलेलं पाणी परत घेतील आणि साठवलेली उष्णता परत देतील, अशी व्यवस्था करायची आहे. तिजोरीला त्याची गरज नाही. तिला हे काम आयुष्यात एकदाच करायचं असतं.

मुंबईतली परीक्षा

आपल्याकडे हे तंत्र घरोघरी पोचवण्यात अर्देशीर गोदरेज यांचा मोठा वाटा. वकिली सोडून त्यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलुपं बनवायला सुरुवात केली आणि १९०२ मध्ये पहिली तिजोरी बनवली. तोवर चांगली तिजोरी म्हणजे विलायतेतून बोटीने आलेली, असंच समीकरण होतं.

मग १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. आधी कापूस पेटला, दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले आणि गोदीचा परिसर कित्येक दिवस जळत राहिला. शेकडो माणसं गेली. त्या आगीतल्या आपल्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाल्याचं गोदरेज कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. आगीनंतरचा एक नियमही सांगून ठेवते. तिजोरी पूर्ण थंड होईपर्यंत उघडायची नाही. आत तापलेला कागद प्राणवायूची वाट पाहत असतो. दार उघडलं की तो भडकू शकतो.

वजन कोणी उचललं

तिजोरीच्या इतिहासात कारखानदार आणि पेटंटं येतात, उचलणारे येत नाहीत. चारशे किलोची वस्तू वाड्याच्या अरुंद जिन्यावरून वर गेली, ती कोणाच्या तरी खांद्यावरून.

गेल्या वर्षी आत्याच्या जुन्या घरातून तिजोरी काढताना मी तासभर मुकादमाकडे पाहत होते. पहार घातली, एक कड बोटभर उचलली, खाली लाकडी ठोकळा. दुसरी कड, दुसरा ठोकळा. मग खाली लोखंडी पाइपचे तीन तुकडे. फरशीवरून फरफटत न्यायची तर जवळजवळ दीडशे किलो वजन उचलण्याएवढा जोर लागला असता. पाइपवर दोघांनी ती सहज ढकलली. जिन्यावर मात्र त्यांचा एक नियम कडक होता. तिजोरीच्या खालच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. वरून दोर, दोराला खांबाचा वेढा, आणि इंचाइंचाने खाली. तीस अंशांच्या उतारावर ४०० किलोची वस्तू २०० किलोच्या जोराने खाली ओढते. त्यांनी हा आकडा काढलेला नव्हता, पण नियम अचूक होता.

पुण्यात बाबा आढावांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यातून आलेल्या मंडळांमुळे ओझं उचलणाऱ्याला नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी, उपचार या गोष्टी मिळण्याचा मार्ग झाला. ओझी हलकी झाली नाहीत, पण ती उचलणाऱ्याचं नाव कुठेतरी लिहिलं जाऊ लागलं. तेही कागदावरच. म्हणून तिजोरी हलवण्याचा दर ठरवताना घासाघीस करण्याआधी वरचा हिशेब एकदा आठवावा.

हलवायची की नाही?

वाडे आणि जुन्या चाळी पाडून तिथे इमारती उभ्या राहत आहेत, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. तीन गोष्टी तपासा.

पहिली, जमीन. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. तिजोरी ०.३६ चौरस मीटरवर ४०० किलोंहून जास्त टेकवते. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण भार आजूबाजूला पसरतो. पण खोलीच्या मधोमध ठेवू नका, तुळईजवळ भिंतीला लावून ठेवा आणि इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

दुसरी, भराव. तुरटी आम्लधर्मी असते. दशकानुदशकं ओल खेळली की पत्रा आतून गंजतो आणि भराव खचतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची तिजोरी आजही आगीत टिकेलच असं धरून चालू नका. काही जुन्या तिजोऱ्यांत ॲस्बेस्टॉसही वापरलेलं असे. तेव्हा भिंत फोडून आत काय आहे ते पाहण्याच्या फंदात पडू नका, ती धूळ फुप्फुसांना घातक आहे.

तिसरी आणि मुख्य, आत काय आहे? हे सगळं वजन ज्या कागदांसाठी होतं, त्यांतल्या बऱ्याच कागदांनी केव्हाच घर बदललं आहे. शेअर १९९६ च्या कायद्यानंतर डिमॅट झाले, सातबारा ऑनलाइन आला, नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते. उरतं ते सोनं, आणि त्याला पाण्याच्या भिंतीची गरज मुळातच कमी. अर्थात मूळ मृत्युपत्र, जुने करार, आजोबांची पत्रं यांची दुसरी प्रत कुठेच नसते. तुमच्या तिजोरीत असे कागद असतील तर पन्नास लिटर पाण्याचं ओझं अजूनही वसूल आहे. नसतील, तर चार माणसांच्या कमरेला त्रास देण्याआधी तिजोरी उघडून एकदा यादी करा.