खानदेशातील नळाचे पाणी : उगम बदलले, शंका कायम

१/ जळगाव आणि धुळे या शहरांत नळाला पाणी आले की अनेक घरांत पहिली धार सोडून दिली जाते. पाणी निवळले की मगच पिण्याची भांडी भरतात. या साध्या सवयीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावची पेठ झपाट्याने वाढली. मात्र वाढत्या वस्तीची तहान नदी, तलाव आणि विहिरींवरच भागत होती. ज्या पाण्यात धुणी आणि गुरे, तेच पाणी घागरीत.

३/ पाण्यातून पटकी पसरते, हे लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखल्याचे कलकत्त्याहून कळवले. तेथील एका तलावाच्या पाण्यातही तो सापडला होता. पाणी स्वच्छ दिसणे आणि ते निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता उघड झाले.

४/ त्याच १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक धुळे भागातले : पांझरा नदीच्या प्रवाहापलीकडे पाटाचे पाणी नेणारा नळांचा सायफन.

५/ पुढे १८९० च्या दशकात ते सिंधमधील सक्करला गेले. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि गाळण्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली. वाळूतून झिरपत आलेले पाणी आपोआप गाळले जाई. शहराला पाणी पुरवणे आणि शुद्ध पाणी पुरवणे ही आता एकच जबाबदारी ठरत होती.

६/ खानदेशातील शहरे वाढत गेली तसे पाण्याचे उगम दूर सरकले. जळगावसाठी मेहरूण तलाव, मग गिरणा, मग वाघूर धरण. धुळ्यासाठी नकाणे आणि डेडरगाव तलाव, मग तापी, मग अक्कलपाडा. प्रत्येक नव्या योजनेबरोबर शुद्ध पाण्याची आशा पालवली. पण धोका केवळ उगमाशी नसतो.

७/ दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. १९५५ मध्ये यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. पाण्यात क्लोरिन वाढवण्यात आले. विषमज्वराची साथ आली नाही, पण सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती, हे पुढे कित्येक वर्षांनी कळले. जंतू मेले, विषाणू तरले.

८/ शुद्धीकरण केंद्रातून निर्मळ निघालेले पाणीही वाटेत बिघडू शकते. जलवाहिनी सतत भरलेली असेल, तर आतल्या दाबामुळे गळतीतून पाणी बाहेर पडते. बाहेरची घाण आत शिरत नाही. पुरवठा थांबला की दाब नाहीसा होतो. मग गटाराशेजारच्या फुटक्या नळात सांडपाणी झिरपते. घरोघरी लावलेल्या मोटारी ते आणखी आत ओढतात. पहिली धार गढूळ येते ती बहुधा यामुळे.

९/ म्हणूनच पाणी किती दिवसांआड येते हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. धुळे आणि जळगाव या दोन्ही नगरपालिका २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या, तरी रोजच्या पाण्याची प्रतीक्षा संपली नाही. पाणी साठवावे लागले की दुसरे संकट येते : उघड्या हौदांत आणि पिंपांत डेंग्यूचा एडिस डास वाढतो.

१०/ उपाय अशक्य नाही. सातारा जिल्ह्यातील कराडलगतच्या मलकापूर या छोट्या शहराने प्रत्येक नळाला मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले.

११/ भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे लागते. ते मोजण्याची चाचणी काही मिनिटांत होते. धरण किती भरले याची बातमी दर पावसाळ्यात छापली जाते. शेवटच्या नळाला क्लोरिन किती उरले, हा आकडाही नागरिकांनी तितक्याच नियमाने मागायला हवा.