कॅरम बोर्ड बिघडला, पण कशामुळे?

घरातील कॅरम बोर्ड नीट चालेनासा झाला की पहिला दोष पावडरीला दिला जातो. आणखी पावडर टाकली जाते, मग पॉलिश पेपर घासला जातो आणि अखेरीस बोर्ड माळ्यावर जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मात्र बहुतेक वेळा खरा दोषी असतो ऋतुबदल. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. महिनाभरात पाऊस सुरू झाला की त्याच घरातील भिंतींना ओल येते. लाकडाला हा फरक सोसत नाही. बिघाडाचे कारण आधी ओळखले, तर बरेचसे बोर्ड घरच्या घरी दुरुस्त होऊ शकतात.

बोर्ड वाकतो कसा?

कॅरमच्या प्लायवूडचा वरचा भाग पॉलिश केलेला असतो, खालचा भाग मात्र बहुधा उघडाच असतो. पावसाळ्यात ओलावा खालून शिरतो, खालचा थर प्रसरण पावतो आणि बोर्डाचा मध्यभाग खचतो. उन्हाळ्यात उलट घडते. खालचा थर आधी सुकून आकसतो आणि मध्यभाग उचलला जातो. त्यामुळे मे महिन्यातील फुगवटा पॉलिश पेपरने घासून काढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. पाऊस पडल्यावर लाकूड मूळ स्थितीत येते आणि घासलेल्या जागी कायमचा खड्डा राहतो.

पंधरा मिनिटांची तपासणी

प्रथम बोर्ड स्वच्छ पुसून टेबलावर ठेवावा आणि एक सोंगटी सावकाश सरळ सोडून ती कोणत्या बाजूला वळते ते पाहावे. नंतर टेबल न हलवता फक्त बोर्ड एक चतुर्थांश फिरवावा आणि सोंगटी खोलीच्या त्याच दिशेने पुन्हा सोडावी. ती खोलीतील त्याच बाजूला वळली, तर दोष टेबलात किंवा जमिनीत आहे. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की काम भागते. वळण्याची दिशा बोर्डाबरोबर बदलली, तर दोष बोर्डात आहे.

मग पोलादी पट्टी दोन्ही कर्णांवर आणि मध्यावर उभी धरावी व पलीकडून विजेरीचा प्रकाश टाकावा. पट्टीखालून जेथे प्रकाश दिसतो, तेथे खोलगट भाग आहे.

शेवटची चाचणी चौकटीची. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांनुसार खेळाचा पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटर चौरस आणि किमान ८ मिलिमीटर जाडीचा असावा. जोरात मारलेला स्ट्रायकर समोरासमोरच्या चौकटींमध्ये किमान साडेतीन वेळा ये-जा करावा. घरगुती बोर्ड बरेचदा लहान व पातळ असतात. त्यांना हा निकष तंतोतंत लावता येत नाही, तरी चारही बाजूंची तुलना करता येते.

बिघाड आणि उपाय

सोंगट्या अडखळतात : पावसाळ्यात पावडर ओलावा धरते आणि तिचे खडे होतात. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर या खाणपट्ट्यात कोळशाची बारीक धूळही त्यात मिसळते. जुनी पावडर मऊ ब्रशने पूर्ण काढावी, कोरड्या सुती कापडाने बोर्ड पुसावा आणि नवी पावडर चिमूटभरच टाकावी. ओले फडके, खोबरेल तेल किंवा रॉकेल वापरू नये. पूर्वी बोर्डावर टांगलेला साधा बल्ब उजेडाबरोबर पृष्ठभाग कोरडाही ठेवत असे. एलईडी दिव्यात तेवढी ऊब नसते. म्हणून पावसाळ्यात खेळण्यापूर्वी बोर्ड थोडा वेळ पंख्याखाली ठेवावा.

मध्यभाग खचला आहे : बोर्ड उपडा करावा, फुगीर भागावर जाड पुस्तकांचे वजन ठेवावे आणि पंख्याच्या हवेत तीन-चार दिवस राहू द्यावा. उघडी बाजू वर आल्याने ओलावा निघून जातो. उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा; घाईने सुकलेले प्लायवूड पिळते. बोर्ड सपाट झाल्यावर खालच्या आधारपट्ट्या तपासाव्यात. सुटलेली पट्टी लाकडाच्या गोंदाने व स्क्रूने बसवावी. स्क्रूची लांबी पट्टी आणि प्लायवूड यांच्या एकत्रित जाडीपेक्षा कमी असावी, अन्यथा टोक पृष्ठभागातून वर येते.

स्ट्रायकर मेल्यासारखा परततो : चौकटीवर बोटाच्या पेराने ठोकत जावे. जेथे आवाज पोकळ येतो, तेथे चौकट प्लायवूडपासून सुटली आहे. खालचे स्क्रू आवळावेत. स्क्रूचे भोक सैल झाले असल्यास गोंदात बुडवलेली बांबूची काडी भोकात ठोकावी, वाळू द्यावी आणि मग स्क्रू फिरवावा.

पृष्ठभागावर फोड आला आहे : वरचा पापुद्रा सुटल्याचे हे लक्षण आहे. सुईच्या सिरिंजने थोडा गोंद आत सोडावा, वर प्लास्टिकचा कागद व सपाट वजन ठेवून दिवसभर राहू द्यावे. प्लायवूडचे थरच कडेने उकलले असतील, तर दुरुस्तीत वेळ घालवू नये.

नवे प्लायवूड, जुनी चौकट

अशा वेळी संपूर्ण बोर्ड टाकून देण्याचीही गरज नाही. चौकट चांगली असल्यास सुतार तीत नवे प्लायवूड बसवू शकतो. चौकटीची बाजू बदलायची झाल्यास आलापल्ली-बल्लारपूरच्या प्रसिद्ध सागाचा विचार मनात येणे साहजिक आहे. साग टिकाऊ खरा. पण तो शिसवाइतका जड व कठीण नसतो, त्यामुळे स्ट्रायकरची परतफेड मंदावते. मूळ चौकट ज्या लाकडाची, त्याच लाकडाची बाजू लावणे उत्तम. लाकूड कोणतेही असो, पावतीसहच घ्यावे.

पुन्हा बिघडू नये म्हणून

सर्वांत उपयुक्त काम दसऱ्यानंतर, हवा कोरडी पण सौम्य असताना करावे. बोर्डाच्या उघड्या खालच्या बाजूला पॉलिश किंवा व्हार्निशचे दोन हात द्यावेत. दोन्ही बाजूंनी ओलावा सारखाच अडला की वाकण्याचे मूळ कारणच दुबळे होते. उन्हाळ्यात बोर्ड कूलरच्या झोतासमोर किंवा टिनाच्या छताखालच्या माळ्यावर ठेवू नये. भिंतीला एका कोपऱ्यावर तिरका टेकवलेला बोर्ड पिळतो. तो आडवा, चारही बाजूंना सारखा आधार देऊन ठेवावा आणि उधईसाठी महिन्यातून एकदा खालून पाहावा.

पावडरीबाबत एक इशारा आवश्यक आहे. कॅरमसाठी वापरली जाणारी बोरिक पावडर पोटात गेल्यास विषारी ठरते. डबा लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा, पावडर तोंडाने फुंकू नये आणि खेळ संपल्यावर काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.