शत्रूची वर्तमानपत्रे आणि केंब्रिजचे एक साप्ताहिक

रणवाद्ये वाजू लागली, की विद्यापीठांतील वादविवाद मंदावतात आणि सर्वांच्या मुखी एकच मत येते. त्या वेळी दुसरी बाजू ऐकू पाहणाऱ्यास काय सोसावे लागते, हे पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील केंब्रिज येथे दिसून आले.

१९१४ पूर्वी केंब्रिजमध्ये तीन हजारांवर विद्यार्थी होते. १९१६ पर्यंत त्यांतले काही शेकडेच उरले. ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ओवऱ्यांत जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या आणि पुढे क्रिकेटच्या मैदानावर लष्करी इस्पितळ उभे राहिले. मागे राहिले ते वयस्क अध्यापक, सैन्यात न घेतलेले तरुण, गर्टन व न्यूनम येथील विद्यार्थिनी आणि परदेशांतून आलेले काही विद्यार्थी. १९१५ साली जीझस महाविद्यालयात दाखल झालेले आपले चिंतामणराव देशमुख हे त्यांपैकीच एक.

या विद्यापीठात १९१२ पासून ‘केंब्रिज मॅगझिन’ हे साप्ताहिक निघत असे. त्याचा संस्थापक-संपादक चार्ल्स के ऑग्डेन प्रारंभी अवघा बावीस वर्षांचा होता. महाविद्यालयीन वार्ता, व्याख्याने आणि ग्रंथपरीक्षणे असे त्याचे स्वरूप इतर विद्यार्थिपत्रांसारखेच होते. परंतु १९१५ च्या ऑक्टोबरात त्यात एक नवे सदर सुरू झाले. डोरोथी बक्स्टन या विदुषीने परदेशी वृत्तपत्रांतील उतारे भाषांतरित करून द्यावयास आरंभ केला. त्यासाठी जर्मनी व ऑस्ट्रिया या शत्रुराष्ट्रांची पत्रेही रीतसर परवाना काढून मागविली जात. शत्रूच्या घरातही युद्धाविषयी मतभेद आहेत, तेथेही शांततेची वाच्यता होते, ही गोष्ट सामान्य इंग्रज वाचकास अन्यत्र क्वचितच वाचावयास मिळे. साहजिकच साप्ताहिकाचा खप वाढत जाऊन वीस हजारांच्या घरात पोहोचला. थॉमस हार्डीसारखा ज्येष्ठ साहित्यिक त्याचा चाहता झाला. क्लेअर महाविद्यालयात शिकून गेलेला आणि रणांगणावरील शौर्याबद्दल पदक मिळविलेला सीगफ्रिड ससून आपल्या जळजळीत युद्धकविता या साप्ताहिकाकडे धाडू लागला.

काळ मात्र अशा पत्रास अनुकूल नव्हता. १९१६ साली सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. त्याच वर्षी सैन्यभरतीविरोधी पत्रक लिहिल्याबद्दल बर्ट्रांड रसेल यांना शंभर पौंड दंड झाला आणि ट्रिनिटीने त्यांचे व्याख्यातेपद काढून घेतले. ‘केंब्रिज मॅगझिन’वरही शत्रूस साह्य केल्याचा ठपका येऊ लागला. टीकाकारांचा संताप केवळ दुराग्रहातून आलेला होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंब्रिजचे जवळजवळ अडीच हजार पुत्र या युद्धात कामी आले. ज्या घरी मृत्यूची तार आली, त्या घरास जर्मन वृत्तपत्रातील उतारा कसा रुचावा?

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. त्या विजयदिनी विद्यार्थ्यांच्या एका जमावाने ऑग्डेनच्या दुकानावर चाल करून तेथे मोडतोड केली. शत्रूच्या तोफा शांत झाल्यावर स्वकीयांचे दगड पडावेत, हा दैवदुर्विलासच होय. ही मोडतोड पाहणाऱ्यांत आय. ए. रिचर्ड्स हा तरुण होता. त्या रात्री ऑग्डेन व तो यांचे जे संभाषण झाले, त्यातून शब्द आणि अर्थ यांची चिकित्सा करणारा त्या दोघांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९२३ साली प्रकट झाला. साप्ताहिक स्वतः मात्र युद्धानंतर फार वर्षे तगले नाही.

तथापि त्या उताऱ्यांचे खरे फळ निराळेच आहे. नाकेबंदीमुळे मध्य युरोपातील बालके अन्नावाचून तडफडत आहेत, हे डोरोथी बक्स्टन यांना परकी वृत्तपत्रांच्या वाचनातून उमगत गेले होते. १९१९ साली त्यांनी आपली भगिनी एग्लंटाइन जेब यांच्यासह ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ ही संस्था स्थापिली. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्याच वर्षी या मुलांसाठी जगभरच्या चर्चमधून निधी गोळा करविला. या संस्थेचे कार्य आजही चालू आहे. शत्रूच्या पत्रांतील मजकूर वाचावयाचाच नाही, असे केंब्रिजच्या त्या लहानशा कचेरीने ठरविले असते, तर व्हिएन्नातील उपाशी मुलांचा टाहो इंग्लंडच्या कानी पडावयास आणखी किती विलंब लागला असता?